परसदारातील गावरान कोंबडी
(वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



शिक्षण व वसतिगृह या विषयांवर विद्वान वक्ते बोलून गेल्यावर कोंबडीवर बोलण्याचे काम माझ्या वाट्यास आले आहे. विषय वाटून देताना कार्यकारिणीने माझी जेवणातील ख्याती ध्यानी घेतली असावी.

आपल्यापैकी पुष्कळांची बिऱ्हाडे आता छत्रपती संभाजीनगरात, सिडको-हडकोकडे आहेत. तरी पैठण, गंगापूर, फुलंब्रीकडे कोणाचे ना कोणाचे परसदार अजून शाबूत आहे, आणि आखाडात कोंबडे तेथूनच येते. बाजारातील ब्रॉयलर सुमारे सहा आठवड्यांत दोन किलोंच्या घरात जातो. आपल्या गावरान पाखरास सवा-दीड किलो भरण्यास पाच-सहा महिने लागतात. दाणे विकत घेऊन, कोंडून वाढविले तर ते मुळीच परवडत नाही. ते परवडते उकिरड्यावर, खळ्यातील सांडलेल्या दाण्यांवर आणि किडामुंगीवर. त्या हिंडण्याने व वयानेच त्याच्या मांसास घट्टपणा आणि चव येते.

हैदराबादची वनराजा किंवा बंगळूरची गिरिराज वजनास लवकर भरते, हे खरे. परंतु ती सहसा खुडूक होत नाही, म्हणून पिले पुन्हा विकतच आणावी लागतात. गावरान कोंबडी दहा-बारा अंड्यांवर रवणीस बसते व एकविसाव्या दिवशी पिले काढून स्वतः सांभाळते.

तिचा खरा वैरी मानमोडी. एका उन्हाळ्यात माझ्या आईच्या खुराड्यातील एकोणीस पाखरे आठ दिवसांत गेली. अंड्यांचा पैसा हा तिचा स्वतःचा पैसा. माझ्या दहावीच्या परीक्षेची फी तिने त्यातूनच भरली होती. त्यानंतर तिने रवण घातली नाही. खुराड्यात सरपण भरले.

या रोगावर औषध नाही. लस आहे, आणि ती महागही नाही. पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात घालावा व सुमारे आठव्या आठवड्यास दुसरी लस टोचून घ्यावी. अडचण निराळीच आहे. लसीची कुपी बहुधा शंभर किंवा अधिक पाखरांची असते. ती बर्फात ठेवावी लागते आणि कालविल्यावर एक-दोन तासांत संपवावी लागते. दहा पिलांसाठी कोणती गृहिणी ती फोडील? म्हणून माझी सूचना एवढीच, की गावातील आठ-दहा घरांनी एकाच आठवड्यात रवणी घालाव्यात. म्हणजे पिले एका वयाची निघतील व एका कुपीत सर्वांचे काम होईल. यात ज्ञात पाहू नये. शेजारच्याची कोंबडी आजारी पडली तर तो रोग आपल्या अंगणात येताना जात विचारीत नाही.

आणखी एक. 2021 च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात मुरुंब्यास बर्ड फ्लू आढळला होता. अकस्मात मर लागल्यास ती पाखरे कापून खाऊ नयेत, कोणास वाटू नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे.

गतवर्षी दसऱ्यानंतर आमच्या गावी सात घरांनी याप्रमाणे रवणी घातल्या. आईने प्रथम नकार दिला. नंतर एके सकाळी तिने मला हाक मारून खुराड्यातील सरपण बाहेर काढावयास लावले.