नाचणीची भाकरी आणि टीव्हीतले परीक्षक
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



बाईंनी मला दोन शब्द बोलायला सांगितले आहेत. शाळेत मला गप्प बसवण्यात बाईंचा निम्मा तास जायचा, म्हणून आज वेळ पाळते.

डोंगरातल्या वाड्यांवरून पायी येणाऱ्या आम्हा मुलींच्या डब्यात नाचणीची भाकरी असायची, बाजारपेठेतल्या मुलींच्या डब्यात पोळी. आमची काळी भाकरी आम्ही झाकणाआड खायचो. लाज तेव्हाही होती, पण ती मधल्या सुट्टीपुरती. घंटा झाली की संपायची.

माझी भाची आता नववीत आहे. तिची घंटा होतच नाही. रोज रात्री रिअ‍ॅलिटी शो बघायचा, सकाळी मोबाइलवर त्याचेच तुकडे. वहीच्या मागच्या पानावर तिने स्पर्धक मुलींची वजने लिहिली होती आणि खाली स्वतःचे. भात बंद, भाकरी बंद. "मावशी, भाताने चेहरा सुजतो." पावसाळ्यात एक दिवस ती कवायतीला मैदानावरच कोसळली. तपासले तर हिमोग्लोबिन 8.

मग मी वाचायला बसले. अमेरिकेत 2004 मध्ये 'द बिगेस्ट लूझर' हा वजन उतरवण्याच्या स्पर्धेचा कार्यक्रम सुरू झाला. 2007 मध्ये तो 'बिगेस्ट लूझर जीतेगा' नावाने हिंदीतही आला. केविन हॉल या संशोधकाने त्या अमेरिकन कार्यक्रमातल्या 14 स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा तपासले आणि 2016 मध्ये निष्कर्ष छापले. स्पर्धेत त्यांनी सरासरी 58 किलो उतरवले होते. त्यातले सरासरी 41 किलो परत आले. शिवाय त्यांचे शरीर स्वस्थ बसल्यावर जेवढी ऊर्जा खर्चायला हवी, त्यापेक्षा रोज सुमारे 500 कॅलरी कमी खर्चत होते. म्हणजे उपाशी ठेवलेले शरीर काटकसर शिकते आणि ती विसरत नाही. शेवटच्या भागातल्या टाळ्या आपण पाहतो; पुढची सहा वर्षे कोणी दाखवत नाही.

पण सगळा दोष टीव्हीच्या माथी मारू नका. 2024 मध्ये मराठी 'बिग बॉस' जिंकला तो आपल्याच जिल्ह्यातल्या, बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा सूरज चव्हाण. 'लिटिल चॅम्प्स'मध्ये आळंदीच्या कार्तिकी गायकवाडला आपण घराघरांत डोक्यावर घेतले, ते तिच्या आवाजासाठी. साधे माणूस आपल्याला आवडते. मग घरातल्या मुलीलाच वेगळे माप का?

आज सकाळी फाटकातून आत आल्यापासून मी मोजते आहे. अकरा जणांनी मला पहिले वाक्य म्हटले ते "किती सुटलीस गं!" कोणी मुद्दाम दुखावले नाही, प्रेमानेच म्हणाले. पण भाची माझा हात धरून शेजारी उभी होती. टीव्हीतले परीक्षक निदान रात्री दहाला येतात. आपण दिवसभर असतो.

म्हणून एवढीच विनंती. गुरुजनहो, वर्गात "ए जाडे" हाक आली तर हसण्यावारी नेऊ नका. मैत्रिणींनो, लेकीसमोर स्वतःच्या पोटाला नावे ठेवू नका. आणि नाचणीची लाज सोडा. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. शहरात तीच आता महागड्या पुड्यांतून विकली जाते.

भाची आता आंबील पिते. भात अजून चमच्याने मोजूनच घेते. वेळ लागेल.

आता जेवायला चला. पंगतीत ती माझ्या शेजारी बसणार आहे. तिच्या ताटाकडे बघू नका. तिला धावण्याच्या शर्यतीबद्दल विचारा.