हजाराचा आकडा कुणी लिहिला?

संगणकाच्या पडद्यावर रंगीत चित्रांच्या आड एक साधी खिडकी असते. तिथे आज्ञा टाइप करायची असते. ती वाचून काम करवून घेणाऱ्या प्रोग्रामला 'शेल' म्हणतात. लिनक्सवर बहुधा 'बॅश' हा शेल असतो. ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला हा शेल १९८९ साली प्रसिद्ध झाला.

आपण दिलेल्या आज्ञा बॅश लक्षात ठेवतो. किती? त्याची माहितीपुस्तिका सांगते, ५००. पण 'उबुंटू' या लिनक्समध्ये पाहावे तर आकडा दिसतो १०००. आपण तर काहीच बदललेले नसते. मग हा हजार आला कुठून?

शब्दाची व्युत्पत्ती शोधतात तसा याचा माग काढता येतो. ५०० ही बॅशच्या पोटातली, जन्मजात नेमणूक. खिडकी उघडताच बॅश आधी सर्वांसाठीची सामाईक फाइल वाचतो, मग आपल्या घरातली 'बॅशआरसी' नावाची फाइल. नंतर वाचलेले आधीच्यावर मात करते. हजार सापडतो तो या घरच्या फाइलीत!

पण ही फाइल तरी आपण कुठे लिहिली? तिचे मूळ 'स्केल' नावाच्या फोल्डरमध्ये आहे. स्केल म्हणजे स्केलेटन, सांगाडा. नव्या माणसाचे खाते उघडताना तिथल्या फाइलींच्या नकला त्याच्या घरात ठेवल्या जातात. बिऱ्हाड येण्याआधीच कुणी चूल मांडून ठेवावी, तसे. उबुंटू ज्या 'डेबियन'वरून घडवले, त्याच्या सांगाड्यातही हजारच आहे.

नावातले 'आरसी' तर आणखी जुने. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीत लुई पूझां यांनी एकामागून एक आज्ञा चालवणारा 'रनकॉम' लिहिला. त्याची ही आद्याक्षरे. 'शेल' हा शब्दही त्यांचाच.

'संगणक असाच असतो' असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतेकदा कुणीतरी केव्हातरी घेतलेला निर्णय पाळत असतो. तो शहाणपणाचाही असेल. पण घरातली नक्कल आपल्या मालकीची आहे. तिची एक प्रत बाजूला ठेवावी आणि हवा तो आकडा लिहावा. पुढची खिडकी आपले ऐकते.