मोठ्या नावाचे मोल

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



या व्यासपीठावर उभे राहण्याचा मान दिल्याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. आज मी यशाची गाथा सांगणार नाही. आपल्या अनेक घरांत सध्या विचारला जाणारा एकच प्रश्न मांडणार आहे: व्यवस्थापनाचे शिक्षण सुरू असताना अधिक नामांकित संस्थेत प्रवेश मिळाला, तर हातचे सोडून तिकडे जावे का?

मी बंगळूरच्या पूर्वेस, के. आर. पुरम येथे राहतो. तेथून जवळच दूरवाणीनगरात १९४८ साली टेलिफोनचा सरकारी कारखाना उभा राहिला. पलीकडे व्हाइटफील्डमध्ये आज संगणक कंपन्या आहेत. नोकरी-शिक्षणासाठी आलेली मराठी मुले तेथे पुष्कळ भेटतात. आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी गेल्या वर्षी हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आली. तिचे पहिले वर्ष संपत आले होते. नोव्हेंबरात तिने पुन्हा ‘कॅट’ दिली होती आणि मोठ्या संस्थेचे प्रवेशपत्र तिच्या हाती होते.

मोठ्या नावाला मोल नाही, असे मी म्हणणार नाही. कोणत्या कंपन्या मुलाखतीला येतात आणि वर्गात शेजारी कोण बसते, हे पुष्कळदा नावावरच ठरते. म्हणून अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी चांगली जागा मिळाली, तर खुशाल जावे. तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेने चालणाऱ्या संस्थेने अशा वेळी एक हजार रुपयांहून अधिक कापून घेऊ नये आणि मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवू नयेत, असा नियम आहे. पालकांनी तो ठाऊक करून घ्यावा.

वर्ष सरल्यावर मात्र हिशेब पालटतो. २०२३ च्या मार्चमध्ये व्हाइटफील्डहून के. आर. पुरमपर्यंत मेट्रो धावू लागली. परंतु पुढे बैयप्पनहळ्ळीपर्यंतचा दुवा ऑक्टोबरात जोडला गेला. तोवर प्रवासी खाली उतरून बसने ते अंतर कापीत. आपल्या व्यवस्थापन संस्थांमध्ये तशी बसही नाही. नव्या ठिकाणी दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश बहुधा मिळत नाही; पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहावे लागते. भरलेले शुल्क जाते, उन्हाळी प्रशिक्षणातून मिळू शकणारी नोकरी जाते, एका वर्षाचे वेतन जाते. जुने कर्ज तसेच राहून नवे घ्यावे लागते. साडेसात लाखांहून मोठ्या कर्जाला बँका सहसा तारण मागतात, आणि ते तारण म्हणजे बहुधा आईवडिलांचे घर असते. हप्ते पुढे सुरू होतात. व्याज मात्र कर्ज उचलल्यापासूनच चढू लागते.

मग सोडावेच कधी? संस्थेची मान्यताच संशयास्पद असेल तेव्हा, किंवा ज्यासाठी आलो ते तेथे शिकवलेच जात नसेल तेव्हा. वॉरन बफे यांनी व्हार्टनसारखी नामवंत संस्था सोडली आणि ते नेब्रास्का विद्यापीठात गेले. १९५० मध्ये हार्वर्डने त्यांना नाकारले, तेव्हा त्यांनी कोलंबिया निवडले, ते तेथे बेंजामिन ग्रॅहम शिकवीत म्हणून. शिष्य गुरूच्या शोधात निघाला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले आणि स्वतःची बचत व सुहृदांचे साहाय्य यांच्या बळावर १९२० मध्ये ते त्याच संस्थेत परत गेले. १९२३ मध्ये त्यांनी तेथील डी.एस्सी. पदवी मिळवली. एकाने काय शिकायचे ते ओळखून संस्था बदलली. दुसऱ्याने तेच ओळखून संस्था धरून ठेवली.

त्या मुलीला मी विचारले, ‘‘तिकडे कोणता विषय शिकायचा आहे, जो इथे नाही?’’ ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘काका, विषय तेच आहेत. पण ते नाव लागले की मी मराठी शाळेतून आले, याबद्दल कोणी मला कमी लेखणार नाही.’’

मंडळी, खरा प्रश्न हा होता. प्रवेशपत्र हे त्याचे केवळ निमित्त. मी तिला सांगितले, की ही सल घेऊन मोठ्या फाटकातून आत गेलीस, तर आत आणखी मोठी नावे भेटतील आणि सलही तशीच राहील. आठ दिवसांनी तिचा निरोप आला: ती आहे तेथेच दुसरे वर्ष पूर्ण करणार होती. निर्णय तिचा होता. तिने विषयाचे नाव सांगितले असते, तर मीच तिला जा म्हटले असते.

पालकांना माझी एकच विनंती आहे. मुले सुटीत घरी आली, की आपला पहिला प्रश्न असतो, ‘‘कोणत्या कॉलेजात?’’ त्याऐवजी ‘‘सध्या काय शिकतोस? कोण शिकवते?’’ असे विचारून पाहा. या शाळेच्या नावाला बाहेर वजन नव्हते, तेव्हाही इथल्या गुरुजनांनी आपल्याला वाचायला, मोजायला आणि निर्भयपणे प्रश्न विचारायला शिकवले. ती शिदोरी हलकी मानू नका. ती कमी पडू नये, अशी काळजी आपण सर्वांनी मिळून घेऊ या.