देवळालीचं 'डूलॅली'

इथे इंग्लंडात कुणी वेड्यासारखं वागलं की 'डूलॅली' झाला म्हणतात. आम्ही संगणकवाले, शब्दाचा सोर्स कोड शोधल्याशिवाय राहवत नाही. निघाली आपली नाशिकजवळची देवळाली! ब्रिटिश अमदानीत मुदत संपलेले गोरे सैनिक तिथल्या छावणीत मायदेशाच्या बोटीची वाट बघत पडून असत. बोटी ठरावीक मोसमातच सुटत. महिनोन्‌महिने काम नाही, वर ऊन. काहींचं डोकं फिरे. पूर्ण शब्द 'डूलॅली टॅप', आणि टॅप म्हणजे चक्क आपला ताप!

हसू आलं ना? पण 'ठाण्याला पाठवा', 'येरवड्याला न्या' असं आपणही म्हणतोच की. तिथल्या मनोरुग्णालयांतून बरी झालेली किती माणसं घरचे न्यायला येतील म्हणून वाट बघत बसतात. आजचा निधी अशांच्या पुनर्वसनासाठी आहे. पाकिटं दाराशी ठेवलीत. गिफ्ट एडचा फॉर्म तेवढा भरा.