‘कोणाकडून आलं?’ हा प्रश्न बाजूला ठेवून

(कुर्ल्यातील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



आजचा विषय पत्रिकेवर स्पष्ट शब्दांत छापायला संयोजक तयार झाले, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. गुप्तांगावर येणाऱ्या चामखिळी, आणि त्या एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ नयेत म्हणून काय करायचं, यावर मी बोलणार आहे. मी त्वचारोगाची डॉक्टर आहे. या तक्रारीचे पेशंट तपासायला वेळ थोडा लागतो, पण त्यांना बोलतं करायला फार वेळ लागतो.

या शहरात असल्या विषयांवर उघड बोलण्याची सुरुवात शंभर वर्षांपूर्वीच झाली. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून अखेरपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. त्यातल्या मजकुरावरून त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, पण मासिक चालूच राहिलं. वाचक पत्रातून शंका विचारत आणि कर्वे त्यांना सरळ उत्तर देत. आज मलाही तेच करायचं आहे.

या चामखिळी एचपीव्ही, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस नावाच्या विषाणूमुळे येतात. त्याचे शंभरावर प्रकार आहेत. गुप्तांगावरच्या चामखिळींपैकी सुमारे नव्वद टक्के ६ आणि ११ या दोन प्रकारांमुळे होतात. गर्भाशयमुखाचा कॅन्सर ज्यांच्यामुळे होतो ते मुख्यतः १६ आणि १८ नंबरचे. घराणं एक असलं तरी ही भावंडं वेगळी आहेत. चामखीळ दिसली म्हणजे आता कॅन्सर होणार, या धास्तीनं झोप उडालेले लोक माझ्याकडे येतात. त्यांना मी हे सर्वांत आधी सांगते. बायकांनी गर्भाशयमुखाची तपासणी वेळच्या वेळी करायची असतेच, पण ती चामखीळ असो वा नसो, सगळ्यांनीच.

ही चामखीळ मऊ असते, कातडीच्या रंगाची किंवा थोडी काळपट. कधी एकटीच असते, कधी फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी वाढते. बहुधा दुखत नाही, म्हणूनच दुर्लक्ष होतं. बाईला ती आतल्या बाजूला आली तर दिसतही नाही. गुदद्वाराजवळ आली की माणूस मूळव्याधीचा मोड समजून महिनोन्‌महिने मलम लावत बसतो.

ती पसरते त्वचेला त्वचा लागून, मुख्यतः शरीरसंबंधातून. कुर्ल्यात घरात संडास नसलेली कुटुंबं पुष्कळ आहेत, आणि तिथे खापर फुटतं ते सार्वजनिक शौचालयावर. ती शौचालयं स्वच्छ असायलाच हवीत, त्याबद्दल महापालिकेशी जरूर भांडा. पण बैठकीवरून हा आजार पसरल्याचा भरवशाचा पुरावा नाही.

आता ज्या प्रश्नासाठी मी हा विषय घेतला, त्याकडे येते. तपासणी संपते, निदान सांगते आणि पुढचं वाक्य हमखास येतं: ‘डॉक्टर, हे कोणाकडून आलं?’ विषाणू शरीरात शिरल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत साधारण दोन-तीन महिने जातात. पण कधी कधी वर्ष उलटतं, त्याहूनही जास्त काळ जातो. कित्येकांना संसर्ग होतो आणि चामखीळ कधी येतच नाही. मग नवऱ्याला आधी दिसली म्हणून ती बायकोनं दिली, किंवा लग्नानंतर चार महिन्यांनी सुनेला आली म्हणून ती माहेरून घेऊन आली, असं कशाच्या आधारावर म्हणायचं? कोणतीही रक्ततपासणी याचं उत्तर देत नाही. मी देऊ शकत नाही, सासूबाईही देऊ शकत नाहीत.

तरीही घराघरात हाच प्रश्न विचारला जातो आणि आजार पसरायला त्याची मोठी मदत होते. उत्तर आपल्यावर उलटेल या भीतीनं नवरा लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’वाल्याकडे जातो, पैसे घालवतो आणि घरी काही बोलत नाही. बायको शेजारणीला विचारून चुना आणि खार लावते, कातडी भाजून घेते, आणि तीही बोलत नाही. संबंध चालूच राहतात. दोघांनाही एकमेकांचं माहीत नसतं. माझं कळकळीचं सांगणं आहे की हा प्रश्न सोडून द्या. तो सोडला की जोडीदाराला सांगणं सोपं होतं, आणि सांगितलं की पुढचं बरंचसं आपोआप मार्गी लागतं.

पुढचं म्हणजे काय, तर आधी निदान. सिफिलिसमध्येही गुप्तांगावर चपटे, ओलसर उंचवटे येतात आणि ते चामखिळीसारखे वाटू शकतात. म्हणून डॉक्टर रक्त तपासायला सांगतात, एचआयव्हीचीही तपासणी सुचवतात. त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. उपचार बरेच आहेत. द्रव नायट्रोजननं गोठवणं, विजेच्या सुईनं जाळणं, डॉक्टरनं स्वतः लावायचं ॲसिड, घरी लावायचं इमिक्विमॉड मलम. पोडोफायलिनचं औषध गरोदर बाईला चालत नाही, त्यामुळे दिवस गेले असतील तर आधी सांगायचं. पायाच्या कुरूपासाठी मिळणारं औषध इथे लावायचं नाही, केस किंवा दोरा बांधायचा नाही आणि त्या भागावर रेझर फिरवायचा नाही, कारण बारीक जखमांतून विषाणू आजूबाजूला पेरला जातो.

चामखीळ गेली तरी विषाणू लगेच जात नाही. पहिल्या तीन महिन्यांत ती पुन्हा येण्याची शक्यता बरीच असते. ‘औषध लागूच पडलं नाही’ म्हणून पेशंट इथेच डॉक्टर सोडतात. सोडू नका. बहुतेकांच्या बाबतीत शरीराची प्रतिकारशक्ती वर्ष-दोन वर्षांत विषाणूला आवरते. चामखिळी असेपर्यंत संबंध टाळायचे आणि नंतरही काही महिने निरोध वापरायचा. निरोधानं धोका कमी होतो, पण तो जेवढी त्वचा झाकतो तेवढ्यापुरताच. सिगारेट ओढणाऱ्यांना बरं व्हायला वेळ लागतो, हेही सांगून ठेवते.

आजार होण्याआधीच अडवायचा असेल तर लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ २०२३ पासून बाजारात आहे. ती ६, ११, १६ आणि १८ या चारही प्रकारांवर आहे, म्हणजे कॅन्सर आणि चामखिळी दोन्हींवर. नऊ ते चौदा वर्षांत सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस, पंधरा ते सव्वीस वर्षांत तीन. खाजगीत एक डोस दोन हजारांच्या आसपास पडतो. कुर्ल्यातल्या कित्येक घरांना ही रक्कम जड आहे, हे मला ठाऊक आहे.

एचपीव्ही लसीच्या इतिहासात सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचंही नाव आहे. २००९ मध्ये देशात जिथे जिथे मुलींवर लसीचा अभ्यास सुरू झाला त्यात बार्शी आणि पुणे होतं. दोन डोस पुरतात की तीनच लागतात, हे पाहायचं होतं. २०१० मध्ये आंध्र आणि गुजरातमधल्या दुसऱ्याच एका प्रकल्पावरून वाद पेटला आणि सरकारनं हेही लसीकरण थांबवलं. हजारो मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्यांची पाठ सोडली नाही. दहा वर्षांनी दिसलं की १६ आणि १८ पासून एका डोसनंही जवळपास तेवढंच संरक्षण दिलं होतं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एका डोसचा पर्याय मान्य केला, त्यामागे या मुलींचा मोठा वाटा आहे.

मुलग्यांना लस कशाला, असं आईवडील विचारतात. ऑस्ट्रेलियात २००७ मध्ये मुलींचं सरकारी लसीकरण सुरू झालं. चारच वर्षांत तिथल्या लैंगिक आरोग्य केंद्रांत एकवीस वर्षांखालच्या मुलींमधल्या चामखिळी ११.५ टक्क्यांवरून एका टक्क्याच्याही खाली आल्या. लस न घेतलेल्या तरुण मुलांमध्येही त्या झपाट्यानं घटल्या. तरी २०१३ पासून त्यांनी मुलांनाही लस द्यायला सुरुवात केली, कारण पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांना मुलींच्या लसीचा फायदा मिळत नव्हता. असे मुलगे आपल्याही घरांत आहेत. ज्यांना परवडतं त्यांनी मुलगा-मुलगी न बघता लस द्यावी. मात्र आलेली चामखीळ लसीनं जात नाही.

उपचारासाठी लांब जायला नको. पुढच्याच स्टेशनावर शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय आहे, तिथे त्वचा व गुप्तरोग विभाग आहे. सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये तपासणी मोफत होते. नाव न सांगता विचारायचं असेल तर १०९७ हा फुकटचा फोन आहे. केसपेपर काढताना तक्रार मोठ्यानं सांगावी लागत नाही, ‘त्वचा विभाग’ एवढं म्हटलं तरी पुरे. आणि लग्न झालेलं असेल, तर दोघांचे केसपेपर एकाच वेळी काढा.