श्रद्धा कुणाची, कडबा कुणाचा?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज कापसाच्या भावावर बोलायचे नाही, धर्मस्वातंत्र्यावर बोलायचे आहे. हा विषय शहरातल्या पंडितांचा, असे तुम्हाला वाटेल. पण तो थेट आपल्या दावणीपर्यंत आला आहे.

मुंबईच्या उपनगरात देवनारचा कत्तलखाना आहे, १९७१ पासूनचा. १९७६ च्या राज्य कायद्याने गाय मारायला बंदी होती. काम संपलेल्या बैलाला दाखला मिळत असे. मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही बंदीत आले. गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत कैद.

त्याच वर्षी पर्युषणात मुंबई महापालिकेने ४ दिवस मांसविक्री बंद करायचे ठरवले. घाटकोपर-मुलुंडला जैन कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्या उपवासाला आपला नमस्कार. पण माझ्या उपवासासाठी शेजाऱ्याची चूल का विझवायची? उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबरच्या विक्रीबंदीला स्थगिती दिली. पुढे ६ मे २०१६ ला त्याच न्यायालयाने बैलांची कत्तलबंदी कायम ठेवली, पण परराज्यातून आणलेले मांस घरात ठेवणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले.

घटनेचे २५ वे कलम धर्मस्वातंत्र्य देते, ते सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. ही मर्यादा सगळ्यांनाच आहे. बकरीदला गाय कापणे मुसलमानांना धर्माने बंधनकारक आहे, हा दावा सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली मानला नाही. त्याच निकालात, निकामी बैलावर सरसकट बंदी घालता येत नाही, असेही म्हटले होते. २००५ साली ७ न्यायाधीशांच्या पीठाने हा भाग फिरवला. म्हातारा बैलही शेण-मूत्र देतो, हे एक कारण दिले.

शेणाचे मोल मला सांगायला नको, मी शेतीच शिकलो आहे. पण हिशेब पुरा करा. बैलाला रोज ७ किलो कडबा धरा. वर्षाला अडीच टनांवर झाला. कोरडवाहू ज्वारीचा एकरी टनभर कडबा धरला, तर अडीच एकर एका म्हाताऱ्या बैलाच्या पोटात गेले. मग कामाच्या जोडीला काय घालायचे? बैल हे आपले भांडवल आहे. जुना विकायचा, त्यात भर घालून नवा आणायचा, अशी आपली रीत. बंदीने ते भांडवल मोडीत निघाले, भरपाई दमडीची नाही. २०२४ मध्ये सरकारने गोशाळेतल्या देशी गायीला रोज ५० रुपये ठरवले. तुमच्या दावणीच्या बैलाला काय?

बैलपोळ्याला आपण बैल पुजतो. ज्याला मरेपर्यंत सांभाळायचा त्याने जरूर सांभाळावा. ती त्याची श्रद्धा. पण स्वतः झीज सोसतो ती श्रद्धा, दुसऱ्याला सोसायला लावतो ती वसुली. सहिष्णुतेची मर्यादा नेमकी इथे आहे.

आणि एक. बाजारात बैल घेणारा कुरेशी व्यापारी आपला वैरी नाही. रस्त्यात गाडी अडवून त्याला मारहाण झाली, की दुसऱ्या बाजारी आपल्या जनावराला गिऱ्हाईक नसते. लाठी त्याच्या पाठीवर पडते, भाव आपला पडतो.

म्हणून मागणी सरळ आहे. एक तर शेतकऱ्याला त्याचा बैल विकू द्या, नाहीतर बाजारभावाने विकत घ्या आणि तुम्ही सांभाळा. ज्याची श्रद्धा, त्याचा कडबा!