रक्षक पेशी आणि आपली जबाबदारी
(वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जमाखर्च सांभाळणे हे माझे काम. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार नाही. तथापि मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांचे नातलग माझ्या कक्षात येऊन वारंवार विचारतात, "साहेब, नवे औषध आले का?" आमच्या डॉक्टरांकडून समजून घेतलेले उत्तर आज आपणांसमोर ठेवीत आहे.

या व्याधीत शरीराच्या संरक्षक पेशी मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंच्या मायलिन या आवरणावरच हल्ला करतात. दृष्टी मंदावते, पाय लटपटतात, हातांतील बळ कमी होते. आपल्या रक्तात 'नैसर्गिक मारक पेशी' असतात. १९७५ च्या सुमारास त्यांचा शोध लागला. विषाणुग्रस्त व कर्करोगाच्या पेशींचा त्या नाश करतात. २००६ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले की, डॅक्लिझुमॅब हे औषध घेणाऱ्या रुग्णांत या पेशींचा एक प्रकार वाढतो आणि तो उत्तेजित झालेल्या टी-पेशींना आवर घालतो. रखवालदाराने घरभेद्याला धरावे, तसेच हे!

२०१६ मध्ये अमेरिका व युरोपात या औषधास मान्यता मिळाली. परंतु यकृताची गंभीर हानी आणि मेंदूचा दाह झाल्याची उदाहरणे पुढे आली व मार्च २०१८ मध्ये उत्पादकांनी ते बाजारातून मागे घेतले. ज्या औषधाने आशा दिली, त्यानेच सावधगिरीचा धडाही दिला. मारक पेशींवरील संशोधन मात्र सुरूच आहे.

म्हणून नातलगांना मी प्रांजळपणे सांगतो : हा रोग समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. रोगाचे झटके कमी करणारी औषधे आहेत. पण ती सुरू केल्यावर नियमित देखरेख हवी. रक्ततपासणी, यकृताची तपासणी, ठरल्या दिवशी रुग्ण न आल्यास त्याच्या घरी दूरध्वनी, हे सारे उपचाराचेच अंग आहे.

देणगीदारांना माझी एक नम्र विनंती आहे. खाटेवर आपले नाव कोरता येते. वेळेवर झालेल्या रक्ततपासणीवर ते कोरता येत नाही. तरीही गरीब रुग्णाची तपासणी पैशांअभावी चुकू नये, यासाठी आपल्या दानातील काही वाटा आपण राखून ठेवावा. त्याच्या पै-पैचा हिशेब पुढील अहवालात सादर करण्याची जबाबदारी माझी.